मॅडमचे सुभेदार

गोर्डे सुभेदार आमच्या कारखान्यात आले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी मला डोकं धुऊन यायला सांगितलं. ओळख ना पाळख. मी टाइम ऑफिसात बसलेली, समोर हजेरीची कार्डं, आणि हा उंच, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस दारात ताठ उभा. त्याच्या डाव्या पायाला चिकटून एक काळी लॅब्रॉडर कुत्री, तीही तशीच ताठ.

"बाई, डोक्याला कोणचं तेल?"

"माक्याचं. का?"

"उद्यापासून नको. मॅडमला तरास व्हतो."

मला वाटलं, यांची बायको बाहेर रिक्षात बसली असेल. मी खिडकीतून वाकून बघितलं. बाहेर कुणीच नव्हतं. मग त्या कुत्रीनं माझ्याकडं बघून नाक फुरफुरवलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गुलमंडीतल्या कुलकर्ण्यांची. आमच्या घरात निजामाच्या काळापासून कारकुनी चाललेली, त्यामुळं साहेबांची बोलणी खायची आम्हाला पिढीजात सवय. पण कुत्रीची बोलणी खायची पाळी माझ्याआधी आमच्या खानदानात कुणावर आलेली नव्हती.

आमचा कारखाना चितेगावला, पैठण रस्त्यावर. विजेचा दाब सांभाळणारे डबे बनवायचो आम्ही, फ्रिजसाठी, टीव्हीसाठी. बरं चाललं होतं. मग मालकांच्या डोक्यात आलं, लष्करासाठी वास घेणारं यंत्र बनवायचं. पुरलेली, लपवलेली स्फोटकं लष्कराची कुत्री हुंगून काढतात, तेच काम यंत्रानं करायचं. "यंत्राला ऊन लागत नाही, ताप येत नाही, म्हातारपण येत नाही," असं मालक प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे, आणि सांगताना टेबलाखाली स्वतःचा दुखरा गुडघा चोळायचे. यंत्र बनवायला समीर पाठक नावाचा तरुण इंजिनिअर ठेवला. यंत्राची परीक्षा घ्यायची तर शेजारी खरी कुत्री पाहिजे, म्हणून पुण्याकडच्या एका श्वानशाळेतून ही कुत्री भाड्यानं आणली. आणि कुत्रीला माणूस पाहिजे, म्हणून लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले गोर्डे सुभेदार आले.

करार अगदी साधा होता. लष्कराच्या साहेबांसमोर यंत्र पास झालं की कुत्रीचं काम संपलं, ती परत पुण्याला. नापास झालं तर सुधारणेला आणखी एक वर्ष, आणि तेवढं वर्ष कुत्री इथंच. परत गेल्यावर तिचं काय होणार हेही सगळ्यांना माहीत होतं. तिचं वय झालेलं, कामाला कुणी घेणार नाही. कुठल्या तरी गोदामाच्या दाराशी साखळीनं बांधून टाकतील. सुभेदारांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही यंत्राची तालीम घ्यायचा पगार ते घेत होते.

कुत्रीचं कागदावरचं नाव जेनी. पण त्या नावानं कुणी हाक मारली की सुभेदारांच्या मिशा हलायच्या. "नाव घ्यायचं नाय. मॅडम म्हनायचं. माझी चूक झाली तर मला शिक्षा व्हईल. तिची चूक झाली तर दोघंबी मरनार. मंग मोठं कोन, सांगा." तिच्याशी ते कायम अहो-जाहो बोलायचे. "मॅडम, बसा." "मॅडम, डावीकडं बगा." "मॅडम, पानी घ्या थोडं." एकदा त्यांच्या पत्नी गयाबाई डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी हे दारात उभं राहून ऐकलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, इतकी वर्सं संसार केला, पर मला कवा 'घ्या' म्हनलं नाय ह्यांनी. 'घे' बी नाय. नुसतं ताट सरकवत्यात." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

फाटकावरच्या वॉचमननं मॅडमचा पास मागितला, तो चेष्टेनं. सुभेदारांनी ते खरं मानलं. "बराबर हाय त्याचं. पासाबिगर आत सोडायचं नाय." मग गुलमंडीतला फोटोग्राफर आला आणि सगळ्या कामगारांसोबत मॅडमचाही फोटो निघाला. ती मान वर करून अशी काही बसली, की अख्ख्या कारखान्यात तिच्या पासासारखा फोटो कुणाचाच नव्हता. माझ्या पासावर मी घरातून पळून आल्यासारखी दिसत होते.

वासाचे कायदे मात्र फार जाचक. कारखान्यात येताना तेल नको, पावडर नको, गजरा नको. अकाउंटवाल्यांची गुरुवारची उदबत्ती बंद. कँटीनची फोडणी दुपारनंतर. सुभेदार स्वतः कांदा-लसूण खात नव्हते आणि साबणाऐवजी मातीनं हात धुवायचे. आमचा मॅटॅडोरचा ड्रायव्हर युसूफभाई शुक्रवारी कानात अत्तराचा फाया ठेवायचा. तो गयावया करायला आला.

"सुभेदार साब, जुम्मे को भी नक्को बोले तो कैसा?"

"जुम्मा असू दे नायतर दिवाळी. मॅडमच्या नाकाला सुट्टी नसती."

गंमत अशी, की मॅडमचा सगळ्यात जास्त जीव युसूफभाईवरच. शुक्रवारी तो फाया लपवून आला तरी ती त्याच्या कानाकडं तोंड करूनच बसायची. सुभेदार खाली बघत म्हणायचे, "आज तब्येत बरी नाय त्यांची." मी हसू दाबायला कार्डं मोजायला लागायचे. मीही तोवर तेल सोडलं होतं. का सोडलं, ते विचारू नका. मॅडमनं एकदा माझ्या खुर्चीजवळून जाताना नाक फुरफुरवलं नाही, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं होतं.

सुभेदार छावणीजवळ एका खोलीत भाड्यानं राहायचे. घरमालकाला मांजरसुद्धा चालत नव्हतं, म्हणून मॅडमचा मुक्काम कारखान्यातच, सायकल स्टँडमागच्या खोलीत. त्यांचं मूळ गाव पाचोडजवळ. तिथं वडिलोपार्जित घर, अंगण, धाकटा भाऊ, शेळ्या, सगळं. पण तिथं ते जात नव्हते, आणि त्याचं कारण ऐकून मी कपाळावर हात मारला होता. भावाच्या पोरीच्या लग्नात यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. बस्स.

"फौजी मानसाला दुसऱ्या पंगतीला? सख्ख्या चुलत्याला? व्याह्याचा ड्रायव्हर पहिल्या पंगतीला जेवला, बाई. म्या डोळ्यांनी बघितलं."

"अहो, घाईत राहून गेलं असेल."

"ऱ्हाऊ दे. म्या बी सांगून आलो, जवर तू सोता येऊन बोलावत नाय, तवर ह्या उंबऱ्याला पाय लावनार नाय."

भाऊही त्याच मातीचा. तो काही आला नाही. गयाबाई मात्र सणासुदीला खुशाल एसटीत बसून जावेकडं जायच्या आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायच्या. त्या शेंगा सुभेदार खायचे. कुठल्या म्हणून कधी विचारायचे नाहीत.

आता यंत्राविषयी. समीरनं त्याला इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं लांबलचक नाव दिलं होतं. हातात धरायचं, पुढं सोंडेसारखी नळी, स्फोटकाचा वास लागला की किंचाळायचं. सुभेदारांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "नाव लई मोठं हाय. मॅडमपुढं पोरच हाय हे. बाळ्या म्हनू." समीरला राग आला, पण आठवड्याभरात मालकही बाळ्या म्हणायला लागले.

आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, सुभेदार यंत्राचा दुस्वास करतील. बाळ्या पास तर मॅडम परत; मग कोण कशाला त्याचं भलं चिंतील? पण या माणसाला तालीम देण्याची एक पद्धत येत होती आणि ती त्यांनी बाळ्यालाही लावली. यंत्र किंचाळलं की "शाब्बास रं बाळ्या" म्हणून त्याच्या डब्यावर थाप. उन्हात ठेवू द्यायचे नाहीत. जमिनीवर ठेवलं तर खाली पोतं. समीर दात-ओठ खायचा.

एकदा मालकांसमोर रंगीत तालीम ठरली. समीरनं आदल्या संध्याकाळी बाळ्याला चार्जिंगला लावलं आणि घरी गेला. सकाळी मालक आले, पाहुणे आले, समीरनं यंत्र उचललं, आणि ते दोन-चार पावलांत बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. समीरचा चेहरा रडवेला झाला.

"वायर कुणी काढली?"

"म्या," सुभेदार म्हणाले. "कामाच्या आदी पोटभर खायला घालायचं नसतं. पोट भरल्यालं जनावर वास घेत नाय."

"अहो, बॅटरी आहे ती."

सुभेदारांनी बाळ्याकडं थोडा वेळ बघितलं. "मंग जरा जास्तच उपाशी ऱ्हायलं," ते म्हणाले.

पेरणीच्या दिवसांत तर बाळ्यानं कहर केला. आमचे निम्मे कामगार आसपासच्या गावांतले, सकाळी शेतात खत टाकून पाळीला येणारे. समीरनं फाटकावर यंत्राची चाचणी लावली होती आणि ते खताच्या हातांवर किंचाळायला लागलं. स्फोटकात आणि खतात काही मसाला सारखाच असतो म्हणे. समीर सांगत होता, चूक यंत्राची आहे, सोडा सगळ्यांना. पण सुभेदार मधे उभे. "जनावर खोटं बोलत नाय. मानूस बोलतं." अर्धी पाळी लिंबाखाली हात वर करून उभी. मॅडम बाजूला खुशाल झोपलेली. तिला खत आणि स्फोटक यातला फरक लहानपणीच शिकवलेला होता, म्हणून तिनं एक डोळाही उघडला नाही. सुभेदारांना तेवढ्यावरून कळायला पाहिजे होतं, पण नाही. तेवढ्यात मालकांची गाडी आली. मालक त्या दिवशी नेमके स्वतःच्या फळबागेतून येत होते. बाळ्या किंचाळला. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "सर, तुमी बी लायनीत."

आणि मालक गेले हो लायनीत. हात वर करून. फिटर त्यांच्या शेजारी उभा होता, त्यानं त्यांना सावलीत सरकून जागा दिली.

त्या दिवशी समीरनं सगळ्यांच्या हातांचं धुवण बाटल्यांत भरून घेतलं, त्यावर महिनोन्महिने खपला, आणि बाळ्याला खत ओळखायला शिकवलं. पोरगा हुशार होता, यात शंका नाही. सुभेदार मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, की त्या दिवशी कुणाच्या तरी खिशात काहीतरी होतंच.

मला त्यांची सगळ्यात आवडलेली रीत म्हणजे संध्याकाळची. मॅडमला दिवसभर कामाला फिरवलं आणि काही सापडलं नाही, तर दिवस तसाच संपवायचा नाही. सुभेदार कुलपातल्या डबीतून स्फोटकाचा एक नमुना काढायचे, गुपचूप कुठं तरी लपवायचे, आणि मॅडमला म्हणायचे, "एकदाच बगा, मॅडम." ती हुंगत हुंगत जायची आणि बरोबर त्या जागेपुढं बसायची. मग शाब्बासकी, बिस्कीट, रबरी चेंडू, लाड.

"हे कशासाठी?" मी विचारलं होतं.

"वर, बरफात, दिस दिस फिरायचो आमी. कायबी घावत नसायचं. चांगलंच की, नाय घावलं तर. पन कुत्र्याला ते समजत नाय. त्याला वाटतं, आपन वाया गेलो. दोन-चार दिस असं झालं की मन मरतं त्याचं, मंग नाक चालत नाय. म्हनून आमच्यात कायदा हाय, रिकाम्या हातानं झोपवायचं नाय."

लष्करात त्यांनी एकामागून एक अशी कुत्री सांभाळली होती. बदली झाली की पट्टा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि निघायचं. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "नोकरी हाय ती. पट्टा द्यायचा, कागदावर सही करायची, आन् गाडीत बसायचं." आणि मग उगाचच मॅडमच्या कानातली गोचीड बघायला लागले. तिच्या कानात गोचीड कधीच नसायची.

शेवटी परीक्षेचे दिवस आले. लष्कराचे साहेब आले, त्यांत एक कर्नलसाहेब मोठे. पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः नमुने लपवले, पोत्यांत, टायरांत, मातीत. बाळ्यानं सगळे शोधले. मॅडमनं एक सोडला. ऊन फार होतं आणि तिची जीभ पार लोंबायला लागली होती. टायरापाशी ती थांबली, हुंगली आणि पुढं निघून गेली. सुभेदारांनी ते बघितलं. त्यांनी बाळ्याच्या डब्यावर थाप मारली, "शाब्बास रं," म्हणाले, आणि मॅडमला घेऊन सायकल स्टँडमागं गेले. मी पाण्याची बादली पाठवायच्या निमित्तानं तिकडं डोकावले. ते तिच्या पायांवर ओलं फडकं फिरवत होते. "उन्हाचं व्हतंय, मॅडम. माझंबी व्हतंय." मला भडभडून आलं. मी बादली तिथंच ठेवून परत फिरले.

दुसरा दिवस खरा अवघड. त्या दिवशी कुठंच काही लपवायचं नव्हतं. यंत्रानं दिवसभर सगळा कारखाना हुंगायचा आणि गप्प राहायचं. उगाच किंचाळलं की नापास. सकाळ गेली, दुपार गेली, बाळ्या शहाण्या पोरासारखा गप्प. मॅडमही गप्प. संध्याकाळी फाटकाजवळच्या कुंड्यांपाशी टेबल मांडलं, चहा आला. कर्नलसाहेब खुशीत होते. मालकांनी इमरतीचा पुडा उघडायला सांगितला. समीर यंत्र घेऊन आत निघाला, पण ते अजून चालूच होतं. क्रोटनच्या कुंडीजवळून जाताना बाळ्या किंचाळला.

समीरनं नळी बाजूला नेली, पुन्हा कुंडीवर आणली. पुन्हा किंचाळी. कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला.

"इथं तर काहीच ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "सॉरी, मिस्टर पाठक."

समीर मटकन खुर्चीत बसला. मालक इमरतीकडं बघत राहिले. आणि मी, खरं सांगते, मी मनातल्या मनात हात जोडले. बाळ्या नापास, म्हणजे मॅडमला आणखी एक वर्ष. माझ्याच कारखान्याचं नुकसान, पण मला आनंद झाला. युसूफभाई माझ्या कानाशी पुटपुटला, "अल्ला, आज तो अच्छा करा तू." मी सुभेदारांकडं बघितलं. ते हसत नव्हते. ते त्या कुंडीकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून माझ्या लख्ख ध्यानात आलं. मी मान हलवून त्यांना खुणावलं, गप्प बसा. गप्प बसा हो सुभेदार.

त्यांनी मॅडमकडं बघितलं. ती त्यांच्या पायाशी बसली होती, थकून, डोळे अर्धे मिटलेली. मग ते पुढं गेले आणि कर्नलसाहेबांपुढं ताठ उभे राहिले.

"सर, बाळ्या खोटं बोलला नाय. म्या ठेवलंय."

त्यांनी कुंडीत बोटं घातली आणि मातीतून बारकी पुडी काढून टेबलावर ठेवली. इमरतीच्या शेजारी.

"तुम्ही?" कर्नलसाहेबांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं?"

"कुनी नाय, सर."

"मग का ठेवलं?"

"दिवसभर फिरलं, सर. सकाळधरनं. कायबी घावलं नाय त्याला." सुभेदारांनी बाळ्याकडं बोट दाखवलं. "रिकाम्या हातानं झोपलं असतं."

"सुभेदार, ते यंत्र आहे."

"व्हय, सर. पन काम कुत्र्याचं करतंय. मंग कायदाबी कुत्र्याचाच लागनार."

कर्नलसाहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. रागावायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. पण त्यांच्या मागचा तरुण साहेब खोकल्याचं सोंग करून पाठ फिरवून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. शेवटी कर्नलसाहेबही हसले. म्हणाले, परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक नसलेलं यंत्रानं शोधलं, याहून मोठी परीक्षा कोणती? बाळ्या पास. टाळ्या वाजल्या. समीर उठला आणि सगळ्यांदेखत सुभेदारांच्या पाया पडला. सुभेदारांनी दोन इमरत्या घेतल्या आणि दोन्ही मॅडमला घातल्या.

त्यानंतर पुण्याहून निरोप आला. कुत्री म्हातारी झालीय, कुणाला घरी ठेवायची असेल तर ठेवा, नाहीतर सोमवारी गाडी पाठवतो. सुभेदारांनी मला विचारलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, घरात सासू-सासरे दोघंही, एकाला दमा. मला नाही म्हणताना लाज वाटली. युसूफभाईच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती. समीर हॉस्टेलसारख्या खोलीत. घरमालकानं तर ऐकूनच दार लावलं.

"सुभेदार, तुमच्या गावाकडं एवढं अंगण आहे," मी म्हणाले.

"बोलावनं नाय आलेलं."

"मग पट्टा द्या सोमवारी. सही करा आणि गाडीत बसा." मी चिडूनच बोलले. मला घरी जाईपर्यंत चैन पडलं नाही.

रविवारी ते मॅटॅडोरमध्ये मॅडमला घेऊन गावाकडं गेले. तिथं काय झालं ते युसूफभाईनं मला सोमवारी सांगितलं, आणि सांगताना तो स्वतः दोन्ही माणसं होऊन दाखवत होता. भाऊ अंगणात मिरच्या निवडत बसला होता. सुभेदार उंबऱ्याबाहेर अटेन्शनमध्ये उभे. हा बघतोय, तो बघतोय, बोलत कुणीच नाही. युसूफभाई म्हणाला, "मैं सोचा, रात होती अब हिंयाच." मॅडमला तहान लागलेली. ती सरळ आत गेली, शेळ्यांच्या बादलीत तोंड घालून पाणी प्याली, आणि येऊन भावाच्या मिरच्यांशेजारी बसली. मिरचीच्या खाटानं तिला दोन शिंका आल्या, पण ती हलली नाही.

"ही कोन?" भावानं विचारलं.

"मॅडम हायेत."

"आन् तू?"

"म्या त्यांच्यासंगं आलोय," सुभेदार म्हणाले, आणि उंबरा ओलांडला.

भावानं आत ओरडून सांगितलं, भाकरी वाढवा. तेवढ्यात आतून गयाबाईच बाहेर आल्या, हाताला पीठ. त्या आदल्या दिवशीच एसटीनं येऊन बसल्या होत्या. सुभेदारांनी त्यांच्याकडं बघितलं आणि काही विचारलं नाही.

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. बाळ्याला हात लावून गेले, मला नमस्कार करून गेले. मी त्या दिवशी कँटीनमध्ये जेवले नाही. बाळ्याची पुढं मोठी ऑर्डर आली, कारखाना वाढला, समीर मोठा साहेब झाला. मी पुन्हा तेल लावायला लागले, पण त्यात काही मजा राहिली नव्हती.

दोनेक वर्षांनी बीडला एका लग्नाला निघालो होतो. पाचोडला आठवडी बाजार भरलेला, गाडी अडकली, मी पाय मोकळे करायला उतरले. गर्दीतून एक आवाज आला. "मॅडम, जरा डावीकडनं. उजवीकडं वांगीवाली बसलीय. हां. आता गटार हाय, दमानं." सुभेदारच. शेजारी मॅडम, तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसत नव्हतं, म्हणून ते अख्खा बाजार तिला सांगत चालले होते. लोक हसून वाट देत होते. त्यांनी मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाळ्या कसा हाय?"

"मजेत आहे. खूप लांब असतो आता."

"संध्याकाळी काय लपवून ठेवतं का त्याच्यासाठी कुनी?"

मी सांगितलं, समीरनं सूचनांच्या पुस्तकात तसं लिहून दिलंय. मी साफ खोटं बोलले. त्यांना बरं वाटलं.

"आणि भाऊ? बोलावणं आलं का शेवटी?"

"नाय," सुभेदार म्हणाले. "दोन्ही टाइम जेवतो तिथं. पन बोलावनं अजून नाय आलं."

तेवढ्यात एक छोटा टेम्पो हॉर्न वाजवत येऊन थांबला. चालवणाऱ्याच्या तोंडावर तश्शाच मिशा, फक्त काळ्या. तो खाली उतरला, माझ्याकडं नाही, सुभेदारांकडंही नाही, सरळ मॅडमकडं गेला. तिला दोन्ही हातांनी उचललं, पुढच्या सीटवर घडी घातलेल्या गोधडीवर बसवलं, तिची शेपटी दारात अडकणार नाही असं बघून दार हळूच लावलं, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. सुभेदार मागं गेले. मागं बाजारातून घेतलेल्या शेळ्या होत्या. त्यांनी फळीला धरून पाय वर टाकला आणि शेळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

टेम्पो निघाला. पुढं काचेतून मॅडमचं पांढरं तोंड दिसत होतं. मागं सुभेदार, पाठ ताठ, एका शेळीनं त्यांच्या सदऱ्याची बाही तोंडात धरलेली. त्यांनी ती सोडवली नाही. मला सॅल्यूट करायला त्यांनी दुसरा हात वापरला.